भैरोबाची काठी आणि पॅरिसची कमान

शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला पार्ट चुकलेलाच आहे असं धरून त्याला मापाचा गेज लावायचा, हे माझं काम. बरोबर निघाला तर पुढं जाऊ द्यायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर स्वभाव व्हायचा तो झालाच. बायको म्हणते, "कंपनीतला संशय कंपनीच्या लॉकरमधी ठेवून येत जावा. परवा भाकरी उलटून बघत व्हतात, खालनं करपलीय का म्हणून." बघत होतो. करपली होती.

तर गावाला कमान होणार हे कळलं तेव्हा अख्खं गाव "लई भारी, लई भारी" करत होतं आणि मी एकटा विचारत होतो, कशाला?

आमचं गाव मांडवगण फराट्याच्या बाजूला, घोडनदीच्या काठाला. जवळच इनामगावला मागं खोदकाम झालं, तिथं हजारो वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली निघाल्या, रांजण निघाले. कमान काही निघाली नाही. कमानीवाचून त्या लोकांचं अडलं नव्हतं, मग आमचंच काय अडलं होतं? पण हे ग्रामसभेत बोललो तर लोक हसले. हसणारांत पहिला सरपंच.

सरपंच म्हणजे माझा चुलतभाऊच. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचे धाकटे भाऊ ते आप्पा, आणि आप्पांचा मुलगा हा सरपंच. वाटण्या होऊन जमाना झाला, घरं मात्र समोरासमोर. त्याची जरबेऱ्याची पॉलिहाऊसं आहेत. फुलवाल्या शेतकऱ्यांची एक सहल हॉलंडला गेली, तिच्यात हा गेला, आणि येताना ती मंडळी दोन दिवस पॅरिसला थांबली. तिथल्या विजयकमानीपुढं गॉगल लावून काढलेला फोटो त्यानं ग्रामसभेत फोनवर सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणाला, "आपल्या वेशीवर अशीच कमान करायची. बारक्या मापात, पर अशीच."

आमची जुनी वेस कधीच पडली. फाट्यावरून गावात येणारा रस्ता तिथून आत शिरतो, आणि गावातून नदीला जायचं तरी तिथूनच बाहेर पडावं लागतं. एका अंगाला कॅनॉलची चारी, दुसऱ्या अंगाला शाळेची भिंत. वळसा घालायला जागा नाही. मी हे लगेच ध्यानात घेतलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर फोटो नव्हता, काठी होती.

काठी म्हणजे भैरोबाची काठी. चैत्रातल्या जत्रेला ती देवळापासून नदीपर्यंत न्यायची, पालखीतला देव आंघोळ करून येईपर्यंत तिथं उभी धरायची आणि परत आणायची. एकवीस फुटांचा बांबू, त्याला लाल कापडाचं वेष्टण, शेंड्याला मोरपिसं आणि निशाण. कमरेच्या पट्ट्यात बूड रोवायचं आणि दोन हातांनी तोलायची. काठी वाकवायची नाही, पडायला आल्याशिवाय तिला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. हा मान आमच्या घराकडं, थोरल्या घराकडं. ज्याच्याकडून काठी भुईला टेकली त्याच्या घरातनं मान उठतो आणि धाकट्या घराला जातो. आमचं धाकटं घर म्हणजे आप्पांचं. सरपंचाचे दोन्ही मुलगे तालमीतले, खांदे बघावेत तर एकेक दरवाजा अडवणारे.

आणि आमच्याकडं? शिक्रापूरच्या चौकात ट्रकनं माझी मोटरसायकल उडवली तेव्हापासून माझ्या उजव्या खांद्यात प्लेट आहे. बादली उचलतो, पण हात डोक्याच्या वर जात नाही. मला दोन लेकी, दोघी पुण्याला शिकतात. म्हणजे काठी धरणारे एकटे आबा, वय ऐंशीला टेकलेलं. आबांच्या हातातून काठी गेली की आमच्या घरातून मान गेला, एवढं सरळ गणित होतं. मला तो मान आबा असेपर्यंत तरी जाऊ द्यायचा नव्हता.

त्यात आदल्या जत्रेत प्रकार झाला होता. वेशीपाशी आबांचा पाय घसरला आणि काठी कलली. चार जणांनी धाव घेऊन ती भुईच्या वीतभर वर झेलली. भुईला टेकली का नाही यावर तासभर कालवा चालला. पंचांनी "न्हाई टेकली" म्हणून विषय मिटवला, पण मी मिटवला नाही. मी भर चौकात बोललो की आप्पांच्या नातवांनी रस्त्यावर मुद्दाम टँकरचं पाणी सोडलं होतं, थोरल्याचा पाय घसरावा म्हणून. तेव्हा आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून तिथून निघून गेले. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. आबा आणि आप्पा रोज सकाळी आप्पांच्या ओट्यावर चहा प्यायचे, जन्मभराची सवय, तीही बंद. आबा मला काही म्हणाले नाहीत. घाव बसलाय, म्हणून गप्प आहेत, असं मी धरून चाललो.

आता सांगा, अशा वर्षी त्याच माणसाला त्याच जागी कमान सुचावी, यात कुठं पाणी मुरत नाही?

मी काय केलं, फोनवर त्या पॅरिसच्या कमानीची माहिती काढली. म्हटलं, बघू तरी कुणाचं सोंग आपल्या वेशीवर आणतायत. संध्याकाळी ओसरीत आबांना वाचून दाखवायला लागलो. आबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण ऐकायची हौस दांडगी.

"आबा, फ्रान्सच्या बादशानं मोठी लढाई जिंकली आणि सैनिकांना म्हणाला, तुम्ही घरी जाल ते विजयाच्या कमानीखालून. मग कामाला सुरुवात. नुसता पाया भरायलाच दोन वर्षं."

"मजबूत भरला आसंल," आबा म्हणाले.

"पाय जमिनीच्या थोडं वर आले तवर बादशाचं दुसरं लग्न. नव्या राणीला गावात आणायची तर कमान अर्धवट! मग काय केलं, लाकडाचा सांगाडा उभा केला, त्याला रंगवलेलं कापड ताणलं, आन् राणीला त्याच्याखालून आणलं."

आबा खो खो हसले. "म्हंजी मांडवच की!"

"तेच म्हणतो मी. पहिल्यापासून दिखावाच. पुढं बादशा हरला, त्याला लांबच्या बेटावर टाकलं, कमान तशीच पडली. कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच राजाच्या काळात पुरी झाली. बादशा तिच्याखालून गेला तो मढं होऊन."

आबा यावर हसले नाहीत. पुढं वाच म्हणाले. मी बांधकामाचं वाचलं. त्या कमानीला खांब नाहीत, चार जाडजूड पाय आहेत. मधून मोठी पोकळी, आडवी आणखी एक लहान पोकळी, म्हणजे चारी बाजूंनी आरपार. पायांवर दगडात कोरलेली माणसं, लढायला निघालेली, ओरडणारी. आतल्या भिंतींवर सेनापतींची नावं. जे लढाईत पडले त्यांच्या नावाखाली रेघ. आणि ज्यांची नावं राहिली त्यांच्या घरच्यांनी भांडणं काढली.

"बघा," मी म्हटलं, "तिथंपण भावकी हाय."

"आन् आता काय हाय तिथं?"

"आता कमानीच्या मधोमध एका सैनिकाला पुरलंय. नाव-गाव माहीत नसलेला. त्याच्या उशाला दिवा जळत असतो. तवापासून पलटणीसुद्धा कमानीखालून जात न्हाईत. वाजत-गाजत कमानीपर्यंत येतात आन् तिथनं बाजूनं वळतात."

"जिंकलेली पलटण असली तरी?"

"जिंकलेली असली तरी."

आबांनी मान हलवली आणि "हां" म्हणाले. मला वाटलं ऐकून कंटाळले. मी फोन ठेवला आणि माझा मुद्दा सांगितला, की कमान म्हणजे कुणीतरी कुणालातरी हरवल्याची खूण असते, आणि आपल्या वेशीवरची कमान आपल्याला हरवल्याची असणार. आबा उठून गोठ्याकडं गेले.

काम सुरू झालं. नकाशाचा मोठा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला होता. चार पायांचे दोनच झाले होते, कोरलेल्या सेनापतींच्या जागी प्लास्टरचे हत्ती आणि घोडेस्वार, माथ्यावर गावाचं नाव. ते जाऊ दे. मी बघितली पोकळीची उंची. तीस फूट. काठी आरामात जात होती. तरी मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवला, कारण कागदावर सगळे पार्ट बरोबरच असतात.

दिवाळीनंतर पाय उभे राहिले आणि वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलं. कंपनीतून येताना गाडी थांबवली आणि नजरेनंच कळलं की हे तीस नाही. टेप काढला. अठरा फूट! माझ्या अंगाची लाही लाही झाली. कमरेच्या पट्ट्यातली काठी अठरा फुटांखालून नेणार कशी? वाकवूनच. भैरोबाची काठी माझ्या चुलतभावाच्या कमानीपुढं मान लववून जाणार, ती आबांच्या हातून. मला अस्सं लख्ख दिसलं ते.

मजूर सगळे बाहेरचे, मुकादमही बाहेरचाच. त्याला विचारलं, उंची कुणी कमी केली?

"गाँव से ही बोला, साहब. सरपंच साहब आए थे, साथ में एक बूढ़े बाबा थे, सफेद टोपीवाले. बाबा ने खुद खड़े रहके बताया, इतना ही रखो."

बूढ़े बाबा, सफेद टोपी. आता सरपंचाबरोबर फिरणारा म्हातारा दुसरा कोण असणार? आप्पा! म्हणजे बापलेक मिळून. आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या पायाला कमरेएवढ्या उंचीवर एक जाड, तळ बंद असलेलं लोखंडी कडं गाडलं होतं, त्याच्या वर सरळ रेषेत आणखी दोन, समोरून तोंड उघडी असलेली. हे नकाशात नव्हतं. मुकादमाला त्याचं कारण माहीत नव्हतं. मी लगेच ओळखलं. पक्षाचे झेंडे लावायची सोय! निवडणूक आली की झेंडा, नसेल तेव्हा वाढदिवसाचा फ्लेक्स.

तसाच तडक सरपंचाच्या दारात गेलो. जत्रेनंतर पहिल्यांदा.

"कमान बुटकी का केली?"

"दादा, ये की आत. बस तरी."

"बसायला न्हाई आलो. तीसचं अठरा का झालं?"

तो बोटातली अंगठी फिरवायला लागला. "तीस फुटाला लई सिमेंट लागत व्हतं."

"आन् काठी?"

"काठीचं व्हईल काहीतरी. तू नको डोस्कं तापवून घेऊ."

काठीचं होईल काहीतरी! एवढं बोलताना त्यानं माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. खाई त्याला खवखवे. मी त्याला काय वाट्टेल ते बोललो. आप्पा आतून ऐकत असणार, पण बाहेर आले नाहीत.

घरी येऊन आबांना सांगितलं. "आप्पांनी स्वतः उभं राहून कमान बुटकी करून घेतलीय. तुम्हाला वाकायला लावायचा बेत हाय त्यांचा."

"आप्पानं?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आप्पाला मधी घेऊ नको."

"तुमच्या मानाचा प्रश्न हाय, आबा!"

"माझा मान मी बघतो. तू जेव."

मला आबांचाच राग आला. इतका मऊपणा? आणि चारच दिवसांनी कामावर निघताना बघतो तर आप्पांच्या ओट्याखाली आबांच्या चपला! आत दोघं चहा पीत बसलेले. म्हणजे म्हाताऱ्याला गोड बोलून घोळात घेतलं होतं. बायकोला बोललो तर ती म्हणाली, "भाऊ भाऊ चहा प्याले तर तुमच्या पोटात का दुखतंय?" मी म्हटलं, चहात काय घातलंय ते बघायला पाहिजे. ती कपाळाला हात लावून आत गेली.

मग मी माझा बेत ठरवला. जत्रेच्या दिवशी, सगळं गाव समोर असताना, कमानीपुढं आडवं उभं राहायचं आणि पंचांना विचारायचं की भैरोबा सरपंचाला मुजरा करणार का. स्लॅब फोडा नाहीतर जत्रा थांबवा. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते पाणी सोडायच्या जागी आणखी काहीतरी सोडतील, ही खात्री.

जत्रा आली. कमान रंगवून तयार, हत्ती पांढरे, घोडेस्वार भगवे. दुपार कलल्यावर देवळातून पालखी निघाली, पुढं हलगी, तिच्या मागं आबा काठी घेऊन. मी त्यांच्या डाव्या अंगाला. गुलालानं लोक ओळखू येत नव्हते. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" आबा सावकाश चालत होते, नेहमीपेक्षा सावकाश. मला वाटलं, पुढं काय वाढून ठेवलंय ते आठवून पाय जड झालेत बिचाऱ्यांचे.

कमान आली आणि मी पुढं होऊन आडवा झालो. "थांबा! भैरोबाची काठी कुणाच्या बापापुढं वाकणार न्हाई! इचारा ह्या सरपंचाला, तीसचं अठरा कुणासाठी केलं?"

हलगी थांबली. सरपंच पुढं आला, त्याचं तोंड गोरंमोरं. मागं त्याचे दोन्ही मुलगे. मला वाटलं, आता हाणामारी. पण बोलले आबा.

"वाकवतंय कोण?"

ते उजवीकडं वळले. कमानीच्या पायाशी गेले, काठीचं बूड त्या खालच्या कड्यात सोडलं आणि काठी वरच्या दोन कड्यांत सरळ बसली, तंतोतंत. शेंडा कमानीच्या अंगानं वर, निशाण मोकळं फडकत. आबांनी हात काढले. काठी उभी होती.

"पंच," आबा म्हणाले, "हितनं पुढं काठी कमानीपातुर. पालखी नदीला जाऊन येईल तवर काठी हितं उभी राहील. भुईला टेकली न्हाई, कुणाचा हात लागला न्हाई. मान जिथं हाय तिथं हाय."

पंचांतल्या एकानं आप्पांकडं बघितलं. मान जायचा असता तर आप्पांच्या घरी जायचा होता, म्हणून पहिला शब्द त्यांचाच. आप्पा म्हणाले, "आमची ना न्हाई." सरपंचानं हलगीवाल्याला हात केला आणि पालखी अठरा फुटांखालून सरळ नदीकडं निघाली. मी तिथंच उभा. मला ओरडायला आणखी बरंच काही पाठ होतं, पण कुणासाठी ओरडायचं?

लोक पांगल्यावर सरपंच जाता जाता म्हणाला, "दादा, आबांनी शपथ घातली व्हती. तुला सांगायचं न्हाई म्हणून." एवढंच बोलला. त्या शपथेपायी इतके महिने माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यानं. आता त्यात त्याचं सिमेंट वाचलं हे मी आजही म्हणतो, पण ते निराळं.

आबा आणि आप्पा कमानीच्या पायथ्याच्या कट्ट्यावर टेकले होते, दोघांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या, दोन्ही गुलालानं लाल झालेल्या. मी जवळ गेलो.

"आबा, मुकादमाला सांगायला तुम्ही गेला व्हता?"

"व्हय."

"आन् हे सुचलं कुठनं?"

"तूच वाचलंस न्हवं? जिंकलेली पलटणबी कमानीपातुरच जाती म्हणून. म्या म्हणलं, मग आपल्याला कसली लाज. काठी कमानीखालनं जातच न्हाई म्हणल्यावर ती नदीपातुर न्या म्हणंल कोण?"

"मला का न्हाई सांगितलं, आबा?"

आबांनी उजवा हात माझ्या हातात ठेवला. तो थरथरत होता. उन्हानं नाही, दमल्यानं नाही, आतून, थांबता थांबेना असा. एका घरात राहून, रोज ताटाला ताट लावून जेवून, मी तो कधी बघितला नव्हता.

"कवापासनं?"

"मागल्या जत्रेच्या आधीपासनं," आबा म्हणाले. "घरात तुला सांगितलं असतं तर तू डाक्टरवर, भावकीवर, कुणावर तरी ढकललं असतं. त्या दिशी पाणी न्हवतं रं तिथं. रस्ता कोरडा व्हता."

आप्पा समोर नदीच्या वाटेकडं बघत होते. मी त्यांच्यापुढं तसाच उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं न बघता कट्ट्यावरचा आपला टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि सरकून मला बसायला जागा केली.